आईच्या नावाचं कार्ड

आमच्या घरात कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला दुधाचं कार्ड अडकवलेलं असे. जाड पुठ्ठ्याचं, घडी घालायचं. आत रकाने : तारीख, सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट, दर, रक्कम. भोगावतीकाठचं आमचं गाव उसाचं. पण उसाचं बिल येण्याआधीच सोसायटीच्या कर्जाला बांधलेलं असायचं. रोजचं घर चालायचं ते दुधावर. दर दहा दिवसांनी निघणाऱ्या बिलाला गावात ‘दुधाचा पगार’ म्हणत. किराणा, वह्या, दवाखाना, सगळे वायदे या पगारावरचे.

आई शाळेत गेली नव्हती. आकडे ती या कार्डावर शिकली. फॅटच्या रकान्यातल्या ६.८ आणि ७.२ यांतला फरक शाळेनं मला शिकवण्याआधी तिनं सांगितला होता : “टिंबाच्या अलीकडचं पेंडीचं, पलीकडचं माझ्या हाताचं.” पहाटे उठून शेण काढायचं, म्हशीला आंबवण ठेवायचं, कोमट पाण्यानं कास धुवायची, रेडकू लावून पान्हा येऊ द्यायचा आणि मग धारेला बसायचं. शेवटच्या धारांत साय जास्त, त्यामुळे म्हैस पुरती पिळली की फॅट चढते. आई मात्र एक सड रेडकासाठी राखून ठेवायची. कार्डावर त्याची किंमत दिसायची. ती किंमत तिनं जाणून मोजली. गोठ्यात वाढलेल्या रेड्या पुढे दुधाला आल्या, त्या या राखलेल्या सडावर.

किटली आणि कार्ड घेऊन डेअरीत जाणं हे माझं काम. सेक्रेटरी काचेच्या नळीत १० मिलि गंधकाम्ल, १०.७५ मिलि दूध आणि १ मिलि अमाइल अल्कोहोल घालून झाकण लावायचे. नळ्या यंत्रात फिरल्या की स्निग्धांश पिवळसर थरासारखा वर यायचा. आमच्या पहाटेचं मोल त्या थरात दिसायचं. घरी पोचताच आईचा पहिला प्रश्न ठरलेला : “किती लागली?”

वर्षाचे ऋतू त्या कार्डावर वाचता येत. म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या शेवटाला नि हिवाळ्यात व्यायच्या. दिवाळीच्या सुमारास लिटरचा रकाना भरायचा, दूध दरातला फरकही तेव्हाच मिळायचा आणि घरात नवे कपडे यायचे. उन्हाळ्यात म्हशी आटत, आकडे उतरत. म्हैस गाभण राहिली की दहा महिने वाट पाहायची. भाकड काळातही वैरण तीच लागते, हे मी त्या रिकाम्या ओळींत शिकलो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात तर ओळीच्या ओळी कोऱ्या राहिल्या. जनावरं उंचावर नेली, पण दुधाची गाडी पाण्यापलीकडे अडकली. म्हैस पूर ओसरायची वाट पाहत नाही. तिची धार वेळेवर काढावीच लागते.

या कार्डावर वेगवेगळी नावं आली. जिल्ह्याचा दूध संघ १९६३ साली स्थापन झाला. पुढे आमच्या गावात संस्था निघाली तेव्हा आजोबा सभासद झाले. त्यांच्यामागं वडील. धार मात्र आधी आजीनं काढली, मग आईनं. सातबारा वडिलांचा, कारखान्याचा शेअर वडिलांचा, घराचा उताराही त्यांचाच. मग गावात महिला दूध संस्था निघाली आणि कार्डावर पहिल्यांदा आईचं नाव आलं. वडिलांनी स्वतः तिला सभेला नेलं. सही येत नव्हती म्हणून तिनं अंगठा उठवला. पुढच्या वर्षी मात्र ती सही करून आली. एक म्हैस विकायची की ठेवायची, हा प्रश्न त्यानंतर घरात तिला विचारल्यावाचून सुटला नाही. पैसे तेच होते, म्हशी त्याच होत्या. पण पगार तिच्या हातात पडत होता.

आज दूध मोजणारं यंत्र काही क्षणांत फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक) दाखवतं, चिठ्ठी छापून देतं, मोबाइलवर संदेश येतो. पैसे थेट बँकेत जमा होतात. मापातला संशय कमी झाला, हे फार मोठं काम झालं. पण गावातल्या कितीतरी घरांत तो संदेश पुरुषाच्या फोनवर जातो आणि खातंही त्याच्याच नावावर असतं. पहाटे कासेखाली बसणारी बाई संध्याकाळी त्याला विचारते, किती लागली.

दुग्धव्यवसायाचा विचार करताना दर, अनुदान, संकरित जाती यांवर आपण पुष्कळ बोलतो. बोलायलाच हवं. त्याबरोबर प्रत्येक घरानं आपल्या खात्यावरचं नाव एकदा तपासावं. जिच्या हातानं धार निघते, तिच्या नावानं सभासदत्व, तिच्या नावानं खातं आणि तिच्याच फोनवर संदेश असावा. आमच्या घराला या एका बदलानं काय दिलं, ते मी पाहिलं आहे.