चाक थांबेपर्यंत

दिवाळी झाली की माझ्या माहेरी सरपणाची काळजी सुरू होते. तुम्ही म्हणाल, घरात गॅस असताना सरपण कशाला? पण आमचं माहेर पडलं निफाड तालुक्यात, द्राक्षबागांच्या गावात. २०१८ च्या डिसेंबरात तिथे पारा दोन अंशांच्या आसपास उतरला होता. अशा थंडीत द्राक्षमण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. शिवाय आंघोळीचा बंब आहेच. आईला गीझरचं पाणी म्हणे अंगाला लागत नाही!

पूर्वी लाकडं नाना स्वतः फोडायचे. बाभळीचा सरळ ओंडका कुऱ्हाडीच्या दोन घावांत दुभंगे. गाठीचा असला की पाचर ठोकायची आणि वर घण घालायचा. मी सातवीत होते. अशीच एक ढलपी उडाली आणि नानांच्या उजव्या डोळ्यात शिरली. डोळा गेला तो गेलाच. त्यानंतर गडी लावून लाकडं फोडून घेऊ लागलो, पण घणाचा आवाज आला की आई आजही स्वयंपाकघराचं दार लोटून घेते.

गेल्या वर्षी दादाने लाकूड फोडायचं यंत्र आणलं. नानांनी त्याची पाचर बोटांनी चाचपली आणि काही न बोलता आत गेले.

मला वाटलं होतं, मोटार अगडबंब असेल. कसली! लहानशीच. सगळा जोर दोन जड लोखंडी चाकांत. आपलं पायाचं शिवणयंत्र आठवा. पाय उचलला तरी चाक दोन-चार फेरे घेतं आणि नको तिथे टाका पडतो ना? तेच हे. मोटार चाकांना हळूहळू वेग देते. दांडा ओढला की चाकांत साठलेला जोर दात्यांच्या पट्टीतून दट्ट्यावर येतो, आणि दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर दाबतो. दोन-तीन सेकंदांत दोन फाळके! तेलाच्या दाबावरच्या यंत्राला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. चाकांचा वेग दुप्पट झाला तर साठा चौपट होतो, हे मात्र मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. मी पडले मराठीची बी.ए.

वहिनी तर खुशीत. पूर्वी गड्याची वाट पाहण्यात दिवस जात, आता दुपारच्या चहाआधी तिचा ढीग रचून तयार.

जानेवारीत मी चार दिवस राहायला गेले होते. आंब्याचा एक गाठीचा ओंडका अर्धा फाटून अडकला. वहिनीने मोटार बंद केली आणि पहार आणायला वळली. माझा बारा वर्षांचा भाचा शेजारीच होता. मोटार बंद झालेली पाहून त्याने ओंडका ओढायला सरळ आत हात घातला.

‘‘हात काढ! चाक फिरतंय!’’

ओट्यावर बसलेले नाना ओरडले आणि हातातली काठीच त्यांनी पोराच्या मनगटावर मारली. त्याने हात मागे घेतला, तेव्हा त्याचं कोपर दांड्याला लागलं आणि दट्ट्या खाडकन पुढे आला. ओंडक्याचे दोन तुकडे आमच्या पायाशी पडले.

कुणीच काही बोललं नाही. वहिनी मटकन खाली बसली. मला तर माझ्या हातातला कप कधी खाली पडला, तेही कळलं नाही.

त्या रात्री दादाने यंत्र विकायचं काढलं. आश्चर्य म्हणजे नको म्हणाले ते नानाच. ‘‘घण काय कमी होता?’’ एवढंच बोलले. मग त्यांनीच नियम घातले. ओंडका ठेवणारा आणि दांडा ओढणारा माणूस एकच. दुसऱ्याने जवळ यायचं नाही. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय मोटार सुरू करायची नाही. मुलांनी ओट्याखाली उतरायचं नाही.

आता लाकडं फोडायची असली की नाना आधी ओट्यावर येऊन बसतात. वहिनी मोटार बंद करते आणि हात मागे घेऊन उभी राहते. नाना डोळे मिटून चाकाची घरघर ऐकतात. ती पार विरली, की मान हलवून म्हणतात, ‘‘हं, आता.’’