मामांची मोटार

मोटारीच्या बाबतीत माझी अक्कल सायकलपलीकडे गेलेली नाही. तरी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत, मी एका जॅग्वार ई-टाईपच्या मागे उकिडवा बसून तिच्या दोन धुराड्यांपुढे दोन तळवे धरून होतो. मालक माझे मामा. 1961 ते 1974 पर्यंत ही गाडी याच गावात घडत असे. मामांची 1963 सालची. जुनी म्हणूनच घेतलेली. मामी गेल्यापासून घरात बोलणारी तेवढीच.

"दोन्ही हातांना सारखं लागतंय?"

"नाही मामा. याला निम्मंच."

मामेभावाचे मत, मफलर तुंबला असेल. खर्चात पडण्यापेक्षा विकून टाका. मामांनी उत्तर दिले नाही. मफलर महाग, म्हणून त्याच्यावरचा संशय शेवटी, एवढेच मला म्हणाले. प्लग आणि सिलिंडरांतला दाब त्यांनी आधीच पाहिला होता. मग खडूने (मास्तराला खडूने!) फरशीवर आकृती काढली. सिलिंडर सहा. पुढच्या तिघांचा धूर एका नळीत, मागच्या तिघांचा दुसरीत. कार्ब्युरेटर मात्र तीन, प्रत्येकाच्या पदरी दोन सिलिंडर. मधला बिघडला तर दोन्ही नळ्या सारख्याच मंदावतील. इथे पुढच्या तिघांचीच मंद होती; म्हणजे चोर पुढचा. इतकी स्वच्छ भूमिती मी वर्गात कधी शिकवलेली नाही.

बॉनेट उलटले, ते उलटले की अर्धी गाडीच उघडी पडते. इंजिन गरम, मंद चालू. मामांनी हातभर रबरी नळी काढली. एक टोक कानाला, दुसरे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे. आत शिरणारी हवा सूं सूं करते, ते तिन्हीकडे सारखे हवे. नळी त्यांनी कानाला लावली, काढली, आणि माझ्यापुढे केली.

"तू ऐक."

चाळीस वर्षे लेथच्या घरघरीत गेलेले ते कान! बारीक आवाज आता पोचत नव्हता, हे त्यांनी घरात कुणाला सांगितले नव्हते.

मागच्या बाकावरची कुजबुज ओळखण्यात माझा जन्म गेला आहे. मधला, मागचा एका सुरात. पुढचा जेमतेम कुजबुजत होता. मामांची बोटे त्याच्या मंदगतीच्या स्क्रूवर आणि माझे कान नळीत. "थोडं सोडा... अजून... बस." इंजिनाचा वेग वाढला, तेव्हा तिन्ही स्क्रू सारखेच आवळून खाली आणला. पुन्हा तळवे धरले. दोन्ही हातांना सारखाच ऊबदार धक्का.

"पण हा एवढा आवळला कुणी?" मी बोलून गेलो.

मामा नळी गुंडाळत होते. "थंडीत मीच जुळवलं. तेव्हा मला तिन्ही सारखे वाटले."

रात्री जेवताना मामेभावाने विचारले, "काय निघालं?"

मामांनी माझ्याकडे पाहिले.

"कचरा होता," मी म्हणालो, आणि आमटी वाढून घेतली.