पीटर ग्रीनचं देणं

गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो तेव्हा माझ्या लेखी चांगला वादक म्हणजे वेगवान वादक. गाण्याच्या मधल्या पीसमध्ये मिळेल ती जागा मी स्वरांनी ठासून भरायचो. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ही आम्ही वाजवायचो. ते सँटानाचंच, अशी माझी खात्री होती. मूळ गाणं 1968 सालचं, ‘फ्लीटवुड मॅक’ या बँडच्या पीटर ग्रीनचं, हे एका मित्राने दिलेल्या कॅसेटमुळे कळलं. त्याच कॅसेटवर ‘अल्बट्रॉस’ होतं. शब्द नाहीत, घाई नाही, मोजकेच स्वर. वाजवायला बसलो. स्वर सगळे सापडले, पण दोन स्वरांच्या मध्ये थांबायचं कसं, ते काही केल्या जमेना. माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

पीटर ग्रीन 1946 साली लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या ज्यू कुटुंबात जन्मला. 1966 मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलचा ‘ब्लूजब्रेकर्स’ हा बँड सोडला आणि त्याच्या जागी विशीही न ओलांडलेला ग्रीन उभा राहिला. एवढ्या मोठ्या वादकाच्या जागेवर आलेला दुसरा कुणी असता तर त्याने दुप्पट वेगाने वाजवलं असतं. मी तर नक्कीच वाजवलं असतं. ‘द सुपरनॅचरल’मध्ये ग्रीन एकच स्वर धरून ठेवतो, तो गुंजत राहू देतो, आणि ऐकणाऱ्याचा श्वास अडकतो. त्याच्या लेस पॉल गिटारच्या एका पिकअपमधलं, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या भागातलं, चुंबक उलटं बसलेलं होतं. दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पातळ, पोकळ, काहीसा नाकातला यायचा. तो आवाज त्याने आपलासा केला.

1967 मध्ये स्वतःचा बँड काढताना त्याने ड्रमवादक मिक फ्लीटवुड आणि बेसवादक जॉन मॅकव्ही यांची नावं जोडून बँडचं नाव ठेवलं. मॅकव्ही तर तेव्हा बँडमध्ये आलाही नव्हता. हे वाचलं त्या दिवसापासून साथीच्या वादकांकडे मी नव्याने पाहू लागलो. त्यांचं वाजवणं माझ्या कानावर पडायला लागलं.

पुढे काही वर्षं मी आजारी होतो. आजार मनाचा होता. गिटार कव्हरमध्ये गेली ती तिथेच राहिली. त्या काळात ग्रीनचं उरलेलं आयुष्य मला समजलं. यशाच्या भरात आलेला पैसा त्याला डाचू लागला, तो दान करावा असं तो म्हणू लागला. मे 1970 मध्ये त्याने बँड सोडला. एलएसडीचं सेवन, मग स्किझोफ्रेनियाचं निदान, उपचार म्हणून विजेचे झटके. या हालअपेष्टांना कुणी प्रतिभेची किंमत म्हटलं की मला राग येतो. तो आजारी होता आणि त्याला उपचारांची गरज होती.

1979 च्या ‘इन द स्काइज’ या अल्बमनंतर काही वर्षांनी तो पुन्हा गप्प झाला. नव्वदच्या दशकात मित्रांनी त्याला परत वाजवतं केलं. गिटारवादक नायजेल वॉटसनला शेजारी घेऊन त्याने ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनची गाणी ध्वनिमुद्रित केली. बोटांत पूर्वीची ताकद नव्हती. तरी लोकांसमोर बसून, जमेल तेवढंच, तो वाजवत राहिला. ती गाणी ऐकत मी गिटार कव्हरमधून काढली. गंजलेल्या तारा बदलल्या. त्या संध्याकाळी मी फार थोडे स्वर वाजवले.