व्यतिरेक

आमच्या जुन्या पद्मिनी मोटारीचें इंजिन नव्यानें बांधून हातीं येऊन आठच दिवस झाले होते. पुतणीच्या विवाहास पुण्याहून सातारला जातांना खंबाटकीच्या घाटांत तिच्या उदरांतून ठक्‌ठक् असा ध्वनि निघूं लागला. मीं गाडी कडेला घेतली आणि मंडळींस एस्. टी. नें पुढें धाडलें. मी मात्र मुहूर्तास पोहोंचलों नाहीं.

गाडी ओढून पुण्यास आणली. मिस्त्री माझाच एक जुना विद्यार्थी. शब्दरूपावलीशीं त्याचें कधींच जमलें नाहीं. परंतु त्या दिवशीं त्यानें जी परीक्षा केली, ती पाहून मला न्यायशास्त्राचे पाठ आठवले. इंजिन चालू ठेवून त्यानें एकेका प्लगची तार काढून पाहिली. पहिल्या दोहोंनीं कांहीं फरक पडेना. तिसऱ्याची काढतांच ठोका जवळजवळ नाहींसा झाला. आपले शास्त्रकार यालाच व्यतिरेक म्हणतात. त्या सिलिंडरांतील स्फोटाचा दाब गेला, कीं ढिलें बेअरिंग आदळत नाहीं. "मेन बेअरिंगचा आवाज याहून जड असतो, गुरुजी. हा दोष तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचा," असें तो म्हणाला. मग ऑइल एका पांढऱ्या थाळींत उतरविलें. त्यांत बारीक कण चमकत होते. लोहचुंबक फिरविला, तरी ते चिकटेनात. अर्थात् तें पोलाद नव्हे, बेअरिंगच्या मृदु धातूचें पीठ होतें.

चेंबर उघडल्यावर संशयास जागाच उरली नाहीं. बेअरिंगचा करडा थर झिजून तांब्याचा रंग वर आला होता, व त्यांत खर रुतलेली होती. क्रँकशाफ्टवर नख फिरवावें तों चरे लागत. शाफ्ट घासून पाव मिलिमीटर बारीक केला होता, त्या वेळची दगडाची खर आंतील ऑइलच्या छिद्रांत राहिली, आणि ऑइलबरोबर थेट बेअरिंगवर आली. जेथें केसाहून पातळ असा ऑइलचा पडदाच काय तो दोन धातूंस दूर ठेवतो, तेथें एवढी खर पुष्कळ झाली.

"छिद्रें धुतलीं नव्हतींस काय?" मीं किंचित् कठोरपणें विचारलें.

तो खालीं पाहून म्हणाला, "वरवर धुतलीं, गुरुजी. बुचें काढून धुवायला आणखी एक दिवस हवा होता. आपण सकाळपासून दाराशीं उभे होतां."

शाफ्ट पुनः घासून अर्ध्या मिलिमीटरावर आणला, आणि त्या मापाचीं बेअरिंगें बसविलीं. निम्मा खर्च मीं दिला. गाडी केव्हां मिळेल, हें या खेपेस विचारलें नाहीं.