उपसर्गाची खूण

आमच्या वडीलबंधूंची दृष्टी अलीकडे मंदावली आहे. वडिलांची जुनी पत्रे त्यांना दूरचित्रवाणीच्या पडद्यावर मोठी करून पाहता यावीत, म्हणून आम्ही सी भाषेत एक लहानशी आज्ञावली लिहिली. ती चालणार होती तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर आणि घडत होती आमच्या मेजावरील इंटेल संगणकावर. दोन्ही यंत्रांच्या प्रोसेसरांची भाषा निराळी. एका यंत्रावर बसून दुसऱ्यासाठी आज्ञावली घडविणे, यालाच क्रॉस-कंपायलिंग म्हणतात.

कंपायलरने आपले काम बिनबोभाट केले. तयार फाइलीतील चालण्यास अनावश्यक अशी चिन्हसूची काढून ती हलकी करणारे 'स्ट्रिप' नावाचे अवजार असते. ते चालविताच उत्तर आले, 'फाइलीचे स्वरूप ओळखता येत नाही.' दोन रात्री आम्ही दोष आमच्याच लिखाणात शोधीत राहिलो. अखेर उलगडा झाला. मेकफाइलमध्ये कंपायलर आर्मचा लिहिला होता. स्ट्रिपचे नाव मात्र सवयीने मोघम ठेवले होते. त्यामुळे इंटेलच्या घरचे अवजार पुढे आले आणि त्याला आर्मची लिपी वाचता येईना.

ही निवड आपोआप व्हावी, अशी सोय ऑटोकॉन्फमध्ये आहे. डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली त्याचा आरंभ केला. त्यात 'बिल्ड' म्हणजे जिथे घडते ते यंत्र आणि 'होस्ट' म्हणजे जिथे चालायचे ते. आम्ही मेजावरील यंत्रालाच होस्ट समजत होतो! होस्टचे नाव एकदा सांगितले, की तेच उपसर्ग म्हणून लावून आर्मचे स्ट्रिप, आर्मचे रॅनलिब आधी शोधले जाते. ते न मिळाल्यास मात्र उपसर्गाविना असलेले घरचेच अवजार उचलले जाते. म्हणून कोणते सापडले, ते तपासणीच्या ओळींत वाचून घ्यावे लागते.

आमच्या घरांतील मुले दारातला पाहुणा पाहून मराठी की हिंदी, हे न सांगता ठरवितात. त्यांनाही केव्हातरी कुणी सांगितलेलेच असते. यंत्रालाही कुणासाठी घडवायचे, ते एकदा सांगावे लागते. एरवी ते आपल्याच घरची सवय चालविते.

तिसऱ्या रात्री पडद्यावर वडिलांचे अक्षर उमटले. वडीलबंधूंनी पहिली ओळ स्वतः वाचली, आणि पुढची आम्ही वाचू लागताच हाताने थांबविले.