हार्ड, हार्डली आणि चेन्नागि

सरकारनं 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. तेव्हा पहिलीत बसलेली पोरं 2007च्या जूनमध्ये माझ्याकडं जतला आठवीच्या वर्गात आली. मी स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवलेला, घरी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन बसलेला. ही मुलं आमच्या पुढं असणार, असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या सत्रात मी ‘माय फादर’ हा निबंध दिला. एका मुलानं सहा वाक्यं लिहिली. पाचवं वाक्य होतं, ‘माय फादर वर्क्स हार्डली.’ मी त्याखाली लाल रेघ मारली. दुसऱ्या दिवशी चुकीचा नमुना म्हणून ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं आणि अर्थ सांगितला, ‘माझे वडील काम करतच नाहीत म्हटलं तरी चालेल.’ वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. वहीकडं बघत बसला.

त्याच्या घरचं मला माहीत होतं, म्हणून ही गोष्ट मला आजही छळते. दिवाळी झाली की त्याचे आईवडील कोयत्यावर जायचे. उन्हाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असायची, ती फेडायला पाच महिने पश्चिमेकडच्या कारखान्यांच्या फडात. पहाटे अंधारात बाप ऊस तोडायचा, आई मोळ्या बांधायची, मग दोघं मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायचे. पोरगं आजीजवळ गावातच राहायचं. त्या बापाबद्दल त्यानं वाक्य लिहिलं होतं, आणि मी ते त्याच्या बापावरच उलटवलं होतं.

दुसऱ्या सत्रात तोच निबंध पुन्हा दिला. त्यानं पाचवं वाक्य लिहिलं, ‘माय फादर वर्क्स.’ पुढं पूर्णविराम. ‘वर्क्स’ आणि त्या टिंबाच्या मधे पेन्सिलीनं काहीतरी लिहून खोडलेलं होतं. खोडरबरानं कागद पातळ झाला होता, उजेडात धरला की पलीकडचं दिसत होतं.

मधल्या सुट्टीत त्याला व्हरांड्यात बोलावलं. म्हटलं, तुझं काय चुकलं होतं सांग. तो म्हणाला, “सर, तुमीच सांगितलं हुतं, कसं काम करतो ते सांगायचं असलं की एलवाय लावायचा. स्लो, स्लोली. क्विक, क्विकली. मग हार्ड, हार्डली.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं माझा नियम तंतोतंत पाळला होता. नियमच अर्धा होता.

त्या रात्री मी पुस्तकं काढून बसलो. जे कळलं ते बीएड झालेल्या माणसाला आधीच कळायला हवं होतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियाविशेषण करायला शब्दाच्या शेवटी एक छोटा स्वर लावायचे. बोलता बोलता तो स्वर झिजून गेला. ‘हार्ड’, ‘फास्ट’ हे शब्द त्यामुळं विशेषण म्हणूनही तेच राहिले आणि क्रियाविशेषण म्हणूनही तेच. एलवाय हा वेगळा प्रत्यय, ‘देह, रूप’ अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दातून आलेला. तो ‘हार्ड’लाही लागला, पण त्या शब्दाचा अर्थ पुढं सरकत गेला. आधी कठोरपणे, मग मुश्किलीनं, आणि शेवटी जेमतेम. ‘लेट’ आणि ‘लेटली’ यांचंही असंच झालं. एक म्हणजे उशिरा, दुसरा म्हणजे अलीकडे. ‘फास्ट’ला तर एलवाय लागतच नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गात हे सगळं सांगितलं, आणि मी अर्धाच नियम शिकवला होता म्हणून ते वाक्य तसं आलं, हेही सांगितलं. मुलगा वर बघत नव्हता, पण ऐकत होता.

तरी माझा मोठा प्रश्न तसाच होता. हार्डली लिहिणारा एखादाच. ‘शी सिंग्ज गुड’ लिहिणारे मात्र वर्गात निम्म्याहून जास्त, आणि दरवर्षी. मी लाल शाई वापरत गेलो, शंभरदा ‘वेल’ लिहायला लावलं, पण चाचणीत पुन्हा ‘गुड’. एकदा एक मुलगी वैतागून म्हणाली, “पोरगी चांगली गाती म्हणतो की आपण. चांगली म्हंजे गुडच की सर.”

मग मी वाचनालयातून मोरो केशव दामल्यांचं 1911 सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आणलं आणि विशेषणं-क्रियाविशेषणांची पानं हळूहळू वाचली. वाचताना आपलीच बोली नव्यानं ऐकू यायला लागली. तो चांगला गातो. ती चांगली गाते. पोरं चांगली गातात. शाळेत आपण क्रियाविशेषण अव्यय म्हणून शिकवतो, म्हणजे न बदलणारं. इथं तर तो शब्द गाणाऱ्याप्रमाणं बदलतो, अगदी विशेषणासारखा. मराठी पोरीच्या कानात ‘चांगली’ हा शब्द गाण्यापेक्षा गाणारीला चिकटलेला असतो. तिनं ‘गुड’ लिहिलं तर ती बेफिकीर नसते, ती मराठीशी प्रामाणिक असते. लाल शाईनं हे कसं सुटणार होतं?

याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, ते पूर्वेकडून आलं. जत तालुक्याचा अर्धा जीव कन्नडात आहे. उमदी-संखच्या बाजूला सांगलीपेक्षा विजापूर जवळ पडतं. तिकडं जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळा आहेत, गुड्डापूरच्या दानम्मादेवीला येणारी बरीच माणसं कर्नाटकातली असतात, आणि बाजारात एकच माणूस गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो. या गावांची मुलं आमच्याकडं मराठी शाळेत येतात. ‘वर्गात कन्नड बोलायचं न्हाई’, असं आम्ही त्यांना सांगायचो. मीही सांगायचो. मराठी सुधारावी म्हणून, असं मला वाटायचं.

2012-13च्या दुष्काळात, टँकरची वाट बघत उभी राहून दमलेली मुलं वर्गात पेंगायची, त्या वर्षीची गोष्ट. सातवीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेली एक मुलगी आठवीत माझ्याकडं होती. मराठी अडखळत बोलायची. पण तिच्या इंग्रजी वहीत ‘शी सिंग्ज गुड’ कधीच नसायचं. ‘स्लोली’, ‘क्लिअरली’, ‘वेल’ सगळं जागच्या जागी. मी विचारलं, तुला कसं काय जमतं? ती इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, “सर, कन्नडात ‘आगि’ म्हणत्यात.”

मी तिला खडू दिला. तिनं फळ्यावर लिहिलं, ‘सुंदर’, त्याच्यासमोर ‘सुंदरवागि’. ‘स्पष्ट’, ‘स्पष्टवागि’. ‘जोर’, ‘जोरागि’. कन्नड अक्षरात लिहून खाली देवनागरीत लिहिलं, म्हणजे सगळ्यांना वाचता यावं. ‘आगु’ म्हणजे होणे, ‘आगि’ म्हणजे होऊन. सुंदर होऊन गाते, स्पष्ट होऊन बोलते. कोण गातंय याच्याशी ‘आगि’ला देणंघेणं नाही. तो गावो, ती गावो, ‘चांगलं’ या अर्थाचं ‘चेन्नागि’ तसंच राहतं. एलवायचं काम कन्नडात रोज घरात होत होतं, आणि आम्ही ती भाषा दाराबाहेर ठेवायला सांगत होतो.

त्या तासाला मी मागं जाऊन बाकावर बसलो. कन्नड घरातली सात-आठ मुलं एकेक करून पुढं आली. मराठी मुलं शब्द द्यायची, ती ‘आगि’ लावून दाखवायची, आणि मग दोघं मिळून इंग्रजी शब्द लिहायची. ‘चांगलं’ला घरच्या बोलण्यातलं ‘चलो’ म्हणायचं की पुस्तकातलं ‘चेन्नागि’, यावर त्यांच्यात वादही झाला. संखच्या एका मुलानं सांगितलं, आमच्यात गडीबी ‘चलो’ असतो आणि कामबी ‘चलो’च करतो. म्हणजे घरगुती कन्नडातही मराठीसारखी सरमिसळ आहेच. ते मला फार आवडलं. भाषा नियमात बसवायची नसते, तिच्याकडं बघायचं असतं, हे त्या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मात्र उलटा पेच आला. मी डाळिंब घेऊन वर्गात गेलो होतो. फोडून दाणे वाटले आणि विचारलं, कसं लागतं? मराठी मुलांनी लिहिलं, ‘इट टेस्ट्स स्वीट.’ त्या मुलीनं लिहिलं, ‘इट टेस्ट्स स्वीटली.’ तिच्या बरोबरच्या तिघांनीही तेच. का, हे आता मला शोधावं लागलं नाही, तिनंच सांगितलं. पुस्तकी कन्नडात डाळिंब गोड आहे म्हणायचं तरी ‘सिहियागिदे’, म्हणजे तिथंही ‘आगि’ येतंच.

इथं मराठी कामाला आली. साडी चांगली दिसते, सदरा चांगला दिसतो, डाळिंब चांगलं लागतं. शब्द वस्तूप्रमाणं बदलतो, म्हणजे तो वस्तूचा गुण सांगतो. डाळिंब काही क्रिया करत नाही, आपण चाखतो. अशा ठिकाणी इंग्रजीतही विशेषणच येतं. लुक्स गुड, स्मेल्स गुड, टेस्ट्स स्वीट. मराठी मुलांना ‘शी सिंग्ज गुड’मध्ये दगा देणारा ‘चांगला-चांगली’ इथं त्यांना बरोबर वाट दाखवत होता, आणि गाण्याला बरोबर नेणारं ‘आगि’ डाळिंबाला चुकत होतं. मग मी बाक बदलले. एक मराठी घरातलं मूल, शेजारी एक कन्नड घरातलं. कुणी काही करतंय असं वाक्य आलं की कन्नडवाल्यानं सांगायचं, कसं दिसतं-लागतं असं आलं की मराठीवाल्यानं. सहामाहीत चुका गेल्या नाहीत, पण जे चुकले ते का चुकले हे मुलं स्वतः सांगायला लागली. मला तेवढं पुरेसं होतं.

कोयत्यावर जाणाऱ्या आईबापाचा तो मुलगा तोवर दहावी होऊन गेला होता. त्याच्या वाट्याला हे शेजार आलं नाही, याचं मला वाईट वाटतं. व्हरांड्यात त्या दिवशी मी त्याला नुसतं ‘हार्ड’ लिहायचं, एवढंच सांगितल्यावर तो म्हणाला होता, “म्हंजे माझं बरुबरच हुतं की सर. एलवाय तेवढा जादा झाला.” मग त्याच पातळ झालेल्या जागी त्यानं पेनानं चार अक्षरं लिहिली. कागद फाटू नये म्हणून पेन अलगद धरला होता.

डाळिंबाच्या त्या दिवशी तास संपला तरी मुलं उठली नव्हती. संखकडं जाणारी एसटी अर्धा तास उशिरा आली आणि बाहेर हॉर्न वाजला. ती मुलगी दप्तर उचलून दारापर्यंत धावली, थांबली, वळून म्हणाली, “द बस केम लेट, सर.” एलवाय लावला नव्हता. मी मान हलवली, तेवढ्यात ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा.