सनदेविना विद्या

ज्या घरात ज्ञानेश्वरीची पोथी सोवळ्याने उघडली जाई आणि ओवीविषयी शंका काढणे हा किंचित उद्धटपणा मानला जाई, त्या घरात वाढल्यामुळे, मनुष्य धर्म हा विषय घेऊन परीक्षेस बसतो, त्याच्या उत्तरपत्रिकेवर गुण पडतात आणि पुढे तो त्या विषयाचा पदवीधर म्हणवतो, ही कल्पना माझ्या गळी सहजासहजी उतरली नाही. त्यातून हे अध्ययन ख्रिस्ती विद्यापीठात, ज्यांनी आमच्या देवळांविषयी फारसे बरे कधी लिहिले नाही अशांच्या छपराखाली करावयाचे, हे तर बराच काळ मला निव्वळ साहस वाटे. विठ्ठल रामजी शिंदे यांच्या ‘माझ्या आठवणी व अनुभव’ या ग्रंथातील विलायतेचा भाग वाचल्यावर हा पूर्वग्रह ढिला झाला. पुरता गेला, असे मात्र म्हणवत नाही.

जमखंडीच्या वारकरी घरात १८७३ साली जन्मलेले, फर्ग्युसन कॉलेजातून बी. ए. झालेले आणि प्रार्थनासमाजाच्या ओढीने इतर वाटा सोडलेले शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात दाखल झाले. शिष्यवृत्ती युनिटेरियन या एकेश्वरवादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींची होती; प्रवासाला सयाजीराव गायकवाडांनी साह्य केले. ऑक्सफर्ड म्हणजे नुसते ख्रिस्ती नव्हे, तर इंग्लंडच्या राजमान्य चर्चचे विद्यापीठ. त्या चर्चच्या ३९ कलमांखाली सही केल्यावाचून एके काळी तेथे विद्यार्थ्याचे नाव दाखल होत नसे; ही शर्त १८५४ पासून सैल होत गेली आणि १८७१ च्या कायद्याने बहुतांशी उठली, तरी ईश्वरविद्येच्या पदव्या १९२० पर्यंत त्या चर्चच्या दीक्षित धर्मगुरूंसाठीच राखून ठेवलेल्या होत्या. तेथील संस्कृतच्या अध्यासनाची कुळकथाही मासलेवाईक आहे. मुंबईच्या लष्करात चाकरी केलेल्या कर्नल जोसेफ बोडेन याने आपल्या दौलतीतून ते स्थापण्याची तजवीज केली ती, संस्कृतच्या ज्ञानाने हिंदूंना ख्रिस्ती करणे आपल्या देशबांधवांस सुकर व्हावे म्हणून. आणि १८६० साली त्या जागेसाठी चुरस झाली तेव्हा मॅक्स म्युल्लरसारखा पंडित पडला व मोनियर विल्यम्स निवडून आले.

अशा गावात मँचेस्टर कॉलेज हे एक उपरेच होते. जुन्या विद्यापीठांनी ज्यांना मज्जाव केला त्या भिन्नमती ख्रिस्ती लोकांनी ते १७८६ साली मँचेस्टरात काढले. मग यॉर्क, पुन्हा मँचेस्टर, लंडन असा संसार हलवीत ते १८८९ साली ऑक्सफर्डला येऊन स्थिरावले. विद्यार्थ्याने अमुक एका मताची कबुली द्यावी अशी अट तेथे नव्हती, आणि पदवी देण्याचा अधिकारही नव्हता. जमखंडीचा हा विद्यार्थी दोन वर्षे तेथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करून परतला तो, पदवीच्या सनदेवाचून. मला हे त्या शिक्षणाचे वैगुण्य वाटत नाही. ज्या विद्यापीठाच्या लेखी ईश्वरविद्येची पदवी हा एका पंथाच्या धर्मगुरूंचा मिरासी हक्क होता, तेथील सनद अशा विद्यार्थ्याच्या काय कामाची?

तुलनात्मक धर्माचे अध्यापक एस्टलिन कार्पेंटर हे स्वतः ख्रिस्ती उपदेशक. पण ऱ्हिस डेव्हिड्स यांच्याबरोबर त्यांनी बौद्धांच्या दीघनिकायाचे संपादन केले, आणि ज्या दृष्टीने पाली पाठ तपासले त्याच दृष्टीने आपली शुभवर्तमानेही तपासली. कोणते आधी, कोणते नंतर, कोणी कोणाचे उतरून घेतले, हे प्रश्न त्यांना पाखंड वाटले नाहीत. परधर्मीयाच्या विद्यालयात जाणारा मनुष्य बचावाची सिद्धता करूनच जातो. आपल्या देवांची निंदा होणार, तेव्हा उपनिषदांतील चार वचने कंठस्थ असावीत, असा त्याचा हिशेब असतो. परंतु यजमानाने प्रथम स्वतःचाच ग्रंथ मेजावर उघडून ठेवला आणि त्याच्या शिवणी उसवून दाखवल्या, म्हणजे पाहुण्याची ती शस्त्रे निरुपयोगी होतात. त्याला निंदेचे दुःख उरत नाही, आणि आपलाही ग्रंथ आज ना उद्या येथेच उघडावा लागणार या जाणिवेतून सुटकाही उरत नाही. माझ्या समजुतीने या अध्ययनातील खरी कसोटी ती हीच, आणि तिला पर्यवेक्षक नसतो. अर्थात् सर्वच ख्रिस्ती विद्यापीठांत यजमान इतका दिलदार असतो, असे मानण्याइतका मी भाबडा नाही.

१९०३ साली ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचून शिंदे स्वदेशी परतले, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी त्यांची निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन झाली. ऑक्सफर्ड हे कारण व मंडळी हे कार्य, असा सरळ दोरा ओवणारे चरित्रकार मला थोडे उतावळे वाटतात. वारकरी घरात वाढलेल्या मनुष्याला भेदाभेदाचा अमंगळपणा थेम्सकाठी जाऊन शिकावा लागतो, असे मानण्याचे कारण नाही. त्या दोन वर्षांची खूण मला दिसते ती १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या ग्रंथात. अस्पृश्यता वाईट आहे, हे सांगणारे तोपर्यंत पुष्कळ झाले होते. ती आली कोठून, कशी वाढली, कोणकोणत्या रूपांनी टिकली, याचा माग येथे कार्पेंटरांच्या वर्गात शोभावा अशा सोशिकपणाने काढलेला आहे. शिंद्यांच्या जयंतीला भाषणे करणारी आमची मंडळी हे पुस्तक क्वचितच उघडतात.